तायडे सिस्टरची लेकरं

माझा मुलगा अतुल पुण्याहून मला रोज फोन करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे, आणि ठेवू का. माझं गुडघ्याचं सांगून व्हायच्या आत फोन ठेवलेलासुद्धा असतो. मग मी ओट्यावर येऊन बसायचे, तर कंपाउंडच्या भिंतीपलीकडून तायडे सिस्टरचा आवाज यायचा. "हाव बे, सांग ना, मंग काय म्हणे तुहा साहेब?" कोणाशी चाललंय ते विचारायची गरज नव्हती. माझ्याशी दोन मिनिटांत आटपलेला माझा पोरगा तिच्याशी तासभर बोलायचा, आणि तेही आपल्या वऱ्हाडीत. माझ्याशी बोलताना तो पुण्याचा होतो. शाळेत मी पोरांच्या मागे लागायचे, शुद्ध बोला, शुद्ध बोला. घरच्या पोरानं तेवढं बरोबर ऐकलं.

सिस्टरला तोंडावर मी अहो-जाहोच केलं. मनात मात्र ती कायम 'ती'च राहिली, तेव्हा इथंही तसंच लिहिते. आता भिंतीपलीकडे कुलूप आहे. माणूस गेलं की मनातला राग निवतो म्हणतात. माझा अजून कोमट आहे.

आमच्या गावात, वडनेर भोलजीत, तिला नावानं कोणी ओळखत नव्हतं. सिस्टर म्हटलं की तायडे सिस्टर. नोकरीची बहुतेक वर्षं तिनं आमच्याच भागात काढली आणि आजूबाजूच्या गावांतली निम्मीअधिक माणसं तिच्या हातून या जगात आली. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाली तरी पांढरी साडी सुटली नाही, कडक इस्त्रीची. कोणी नमस्काराला वाकलं की त्याचा हात धरून आधी नाडी बघायची, मग आशीर्वाद. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कशाला शिवायची नाही. पुढे कॉम्प्युटर घेतला तर त्या बटणांना हात लावण्याआधीही तेच. माझ्या घरी आली की सरळ स्वयंपाकघरात, आणि कढईवरचं झाकण काढून, "मीठ कमी हाये वं मास्तरीण." कमी असायचंही, त्याचाच जास्त राग यायचा.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. समोर शेतकरी असो, वकील असो की मोठा कंत्राटदार, ती म्हणायची, "तुह्या मायच्या आधी तुले म्या पाह्यलं." एकदा सरपंचपदाला उभा राहिलेला एक जण मतं मागायला आमच्या गल्लीत आला. बरोबर दहा-वीस माणसं, गळ्यात हार. सिस्टरनं त्याला फाटकातच थांबवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की बाबा, तू जन्मला तेव्हा रडत नव्हतास, उलटा धरून पाठीवर दोन दिल्या तेव्हा कुठे आवाज निघाला; आता भाषणं करतोस ते माझ्यामुळे, तेव्हा आमच्या नालीचं आधी बघ. माणसं पोट धरून हसली. तो गडी रागावला नाही, उलट वाकून पाया पडला. नालीही झाली.

मीही पोरं घडवली हो. अख्खी नोकरी याच गावात केली. पण माझी पोरं मला भेटली की म्हणतात, बाई, तुमची छडी लई लागायची. तिच्या पोरांना तिचं काहीच आठवत नाही, कसं आठवणार, आणि तरी तिच्यासाठी जीव टाकतात. आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि दुसरी मामाला देतात. तिच्या हातच्या पोरांत दुसरी सिस्टरला द्यायची पद्धत पडली होती. अतुलच्या लग्नात मी माझ्या भावासाठी पत्रिकेवर कुंकू लावून ठेवलं, तर हा पठ्ठ्या ती उचलून भिंतीवरून उडी मारून तिकडे. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, चहा घे. लहानपणापासून तो तिला सिस्टरमाय म्हणायचा. मला आई. माय हा शब्द तिकडे गेला आणि मला शाळेच्या पुस्तकातला मिळाला.

अतुलचं बाळंतपण तिनंच केलं. अडलेलं होतं, तिनं सोडवलं, उपकार आहेतच. पण उपकार किती वर्षं ऐकायचे माणसानं?

तिचा भाऊ फौजेत होता. त्यानं तिला रोलचा एक छोटा कॅमेरा आणून दिला होता. बाळ झालं, पुसलं, गुंडाळलं, की आधी फोटो आणि मग पेढा. हे फोटो ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मागे कधी नाव लिहिलं नाही. म्हणायची, लेकरं ओळखाले नाव कायले लागते? पोरं मोठी झाली की येऊन विचारायची, सिस्टर, मी कोणता? ती डब्यात हात घालून काढून द्यायची, हा तू. अतुललाही लहानपणी दाखवला होता. मी मात्र तो कधी पाहिला नाही. आमच्या घरात अतुलचा सगळ्यात जुना फोटो जावळाचा, चकचकीत टकलू. जन्माच्या दिवसाचा फोटो जगात एकच, आणि तोही तिच्या डब्यात. माझ्या पोटच्या पोराचं पहिलं तोंड बघायला तिच्या दारात जाऊन उभी राहू? नाही गेले.

निवृत्तीनंतर तिनं ते सगळे फोटो नांदुऱ्याच्या फोटोग्राफरकडून कॉम्प्युटरवर चढवून घेतले. बरं झालं, कारण पुढच्याच पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं आणि मूळ फोटो एकमेकांना चिकटून लगदा झाला. आता जे होतं ते कॉम्प्युटरमध्ये. संध्याकाळी हात धुऊन ती त्याच्यासमोर बसायची आणि एकेक लेकरू बघायची. भिंतीवरून तो निळसर उजेड दिसायचा.

एक दिवस कृषी केंद्रवाले रामदासभाऊ तिच्या दारात आले. म्हणाले, सिस्टर, माझ्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर तुमची लेकरं आली आहेत. कीटकनाशकाचं बिल काढायला जातो तर बाळ. खताचा साठा बघायला जातो तर बाळ. गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून आपापलं पोट्टं शोधत बसतात, धंदा कसा करू? सिस्टर म्हणाली, तरीच माझ्याकडे तुमच्या फवारणीच्या औषधांची बिलं कुठून आली ते कळत नव्हतं. शिवाय कोण्या एका मुलाचा लग्नाचा बायोडेटाही आला होता, उंची-रंगासकट.

अतुलनं फोनवर उलगडा केला. कॉम्प्युटरमध्ये कंपनीनं आधीच एक सोय घालून ठेवलेली असते, क्लाउड म्हणतात. आपण फोटो आपल्या घरातल्या मशीनवर ठेवला असं आपल्याला वाटतं, पण त्याची एक प्रत गुपचूप इंटरनेटवरच्या कोठारात जाते. तिथं प्रत्येकाचं आपलं खातं असतं. आता आमच्याकडे कोणाचं खातं? नांदुऱ्याच्या ज्या दुकानातून या सगळ्यांनी कॉम्प्युटर घेतले, त्या दुकानदारानं गिऱ्हाइकाचा खोळंबा नको म्हणून सगळ्यांना आपलंच खातं टाकून दिलं होतं. त्यामुळे त्याच्याकडून घेतलेल्या प्रत्येक मशीनचं सामान एकाच कोठारात जात होतं आणि तिथून प्रत्येकाच्या घरी उतरत होतं. गावाला यात काही वावगं वाटलं नाही. लोक म्हणाले, बरं आहे, सगळ्यांना दिसते.

सिस्टर मात्र पेटली. "माही लेकरं म्या कोनाच्या ओसरीवर खेळाले नाही पाठवली. बंद कर हे." एवढं अतुलला ऐकवलं आणि मग रोज संध्याकाळी बंद करायचा तास सुरू झाला. अतुल तिकडून सांगायचा, ती इकडून मोठ्यानं म्हणायची, म्हणजे मला सगळं ऐकू. खालच्या कोपऱ्यात निळा ढग हाये. हाव, दाबला. चाक दिसते. आता? त्यानं तिला बजावलं होतं की आधी सगळे फोटो कोठारातून खाली मशीनवर पक्के उतरवून घ्यायचे, मगच खातं तोडायचं, तोवर काही पुसायचं नाही. पण इंटरनेट आमच्या गावचं, फोटो उतरायला दिवसच्या दिवस लागत होते, आणि मधेच कोणाच्या तरी सुनेच्या पोटात दुखायला लागलं की सिस्टर सगळं सोडून जायची. मला वाटतं दोघांनाही ते संपायला नको होतं. माझ्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता. अतुलला त्याचा तो जन्माचा फोटो हवा होता, आपल्या बाळाच्या तोंडाशी ताडून बघायला. सिस्टर म्हणाली, पाठवणार नाही, पाठवलं की कुठे जातं कोणाला माहीत. तू ये आणि घेऊन जा.

मी त्याला माझ्या गुडघ्यासाठी ये म्हटलं होतं तेव्हा सुट्टी नव्हती.

मग तो घोळ झाला. काम रखडलं तसा सिस्टरचा धीर सुटला. ती म्हणाली, आधी घर तर झाडून घेते, आणि तिच्याकडे आलेली बिलं, साठे, तो बायोडेटा, सगळं एका दुपारी पुसून टाकलं. त्याच दोन-चार दिवसांत रामदासभाऊही कंटाळले आणि त्यांनी त्यांच्या मशीनवरची सगळी बाळं पुसून टाकली. कोठार एकच. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, हे दोघांच्याही गावी नव्हतं. दोघांनी आपापलं अंगण झाडलं आणि दोघांचंही धान्य उकिरड्यावर गेलं.

मग एका सकाळी सिस्टर माझ्या दारात उभी होती. स्वयंपाकघरात आली नाही, झाकण उघडलं नाही. साडीची निरीसुद्धा नीट नव्हती.

"मास्तरीण, माही लेकरं गेली वं."

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. चला, आता फोनवर तासभर बोलायला काही उरलं नाही. दुसऱ्या क्षणाला लक्षात आलं की त्यात अतुलही गेला. जो फोटो मी मानापायी पाहिला नव्हता, तो आता कधीच दिसणार नाही. मी तिच्याआधी खाली बसले. तिनं सवयीनं माझी नाडी धरली.

अतुल रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी हजर. गुडघ्याला नव्हती ती सुट्टी लेकरांना मिळाली. माझ्या ओट्यावर बॅग टाकली, उभ्यानं पाणी प्यायला आणि फाटकातून जायचं सोडून भिंतीवरून उडी. तीस वर्षांचा बाप्या, होणारा बाप. मी बॅग उचलून आत नेली, दुसरं काय करणार?

तिकडे रामदासभाऊ आले होते, त्यांचं आणि सिस्टरचं जोरात चाललं होतं. तुम्ही माझी बिलं पुसली, तुम्ही माझी लेकरं पुसली. अतुलनं दोघांना गप्प केलं आणि रामदासभाऊंच्या गाडीत घालून नांदुऱ्याला नेलं. त्या कोठारालाही आपली कचराकुंडी असते आणि पुसलेलं तिथं काही दिवस पडून राहतं, म्हणाला; पण उघडायला खात्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दुकानदाराचीच लागणार. दुकानदाराला ती आठवेना. सिस्टरनं त्याच्या बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाली, अरे, तू तर माझ्या हातचा. मग आठवली. हे मला अतुलनं हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

सगळं परत आलं. पुढचा दिवसभर अतुल सिस्टरकडे बसून होता. ज्याचं त्याचं वेगळं केलं, फोटो मशीनच्या आपल्या कप्प्यात पक्के उतरवले, एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मग खातं तोडलं, तो निळा ढगच काढून टाकला आणि इंटरनेटची वायर उपसून पाहिलं, फोटो जागच्या जागी. मी भरीत-भाकरी घेऊन तिकडे गेले होते. माझ्याच पोराला जेवू घालायला मला परक्याच्या घरी डबा न्यावा लागला.

"आई, ये इकडे, बघ," अतुल म्हणाला. "मी सापडलो."

"तिले काय दाखवतं आता," सिस्टर घाईनं म्हणाली, "भाकर गार होते, खाय आधी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं मी समजत होते की मी ताठ्यानं गेले नाही. पण तिनंही मला ते फोटो बघायला एकदाही बोलावलं नव्हतं. साऱ्या गावाला दाखवले, मला नाही.

मी चष्मा पुसून पुढे झाले. पडद्यावर एक बाळ होतं. मिटलेल्या मुठी, आवळलेले डोळे, हिरव्या फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेलं. गोड होतं बिचारं. ते माझं नव्हतं.

माझा अतुल माझ्या वडिलांच्या जुन्या पांढऱ्या धोतरात गुंडाळला होता, आईनं मुद्दाम धुऊन ठेवलं होतं ते. पण धोतर नसतं तरी मला कळलं असतं. मी मान वळवली. सिस्टर पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. कोणापुढे मान न झुकवणारी बाई, आणि तिचे ओठ सुकले होते.

माझ्या हातात सगळं होतं. एक शब्द बोलले असते तर गावातली तिची खुर्चीच हलली असती. पण मी अतुलकडे बघितलं. तो त्या बाळाकडे असा बघत होता की त्याला मी हाक मारली असती तरी ऐकू गेलं नसतं.

"हो," मी म्हटलं, "हाच."

"नाक बाबांचं आहे ना?" अतुल म्हणाला. मी म्हटलं, अगदी बाबांचं. त्यानं फोटो लगेच बायकोला पाठवला.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर भिंतीशी आली. त्याच महिन्यात तिचा भाचा तिला डोळ्यांच्या ऑपरेशनला अकोल्याला घेऊन गेला, आणि ती तिकडेच, झोपेत गेली. त्यामुळे मी तिला शेवटचं नीट पाहिलं ते त्याच सकाळी. साडी पुन्हा कडक इस्त्रीची होती. हातात चहाचा कप.

"तो नव्हता ना?" तिनं विचारलं.

"नव्हता."

तिनं चहाचा कप भिंतीवर ठेवला. मग सांगितलं. त्या दिवशी रोल संपला होता. अतुलचा फोटो निघालाच नव्हता. पोट्टं पाच वर्षांचं होऊन दारात आलं, माहा कोणता म्हणून, तर नाही कसं म्हणायचं? हाताला आला तो दाखवला. पुढे तोच दाखवत राहिली.

"लय पाह्यले वं," ती म्हणाली. "आता सगळे एकच दिसतात मले. कसा होता तो? सांग ना."

माझ्या पोराबद्दल तिनं मला काही विचारलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी सांगायला लागले. कपाळावर केस किती होते, ते कसे ओले चिकटले होते. एक कान दुमडलेला होता आणि तिनंच तो बोटानं सरळ केला होता. रडायचा थांबला की हनुवटी थरथरायची. धोतराला चुलीच्या धुराचा वास होता. ती भिंतीवर कोपरं टेकून ऐकत होती. एकदाही मीठ कमी आहे म्हणाली नाही. माझं बोलणं लांबत गेलं, तिचा चहा गार झाला, आणि तरी ती म्हणाली, मंग?

मी सगळं सांगितलं. फक्त बाळंतपणाच्या त्या दिवशी ती पाणी आणायला बाहेर गेली होती तेवढ्या वेळात, खोलीत आम्ही मायलेक दोघंच असताना, अतुलनं काय केलं ते सांगितलं नाही. ते मी तिला सांगितलं नाही, अतुललाही कधी सांगितलं नाही, आणि इथंही लिहिणार नाही.